काकूंची धाकटी आणि माझं फंडेड अकाउंट

टेक्सासात, फ्रिस्कोला, काकूंच्या घरात शिरलं की समोर काकांची एमबीबीएसची डिग्री दिसते. दोघं नात्याचे नाहीत, इथल्या ओळखीतले, पण मला काका-काकूच, आणि त्यांच्या मुलींची मी मावशी. काका आता रिटायर झालेत, पण डिग्री जिन्यासमोर आहे ती आहेच, जाड लाकडी फ्रेममध्ये. गेल्या दिवाळीत फराळाला गेले तर तिच्या शेजारी तशीच दुसरी फ्रेम. मला वाटलं, त्यांच्या धाकट्या मुलीने कॉलेज पूर्ण केलं की काय. जवळ जाऊन वाचलं. एका ट्रेडिंग फर्मचं सर्टिफिकेट होतं ते. वर धाकटीचं नाव, खाली तिला मिळालेल्या पहिल्या पेआउटची रक्कम आणि कोपऱ्यात सोनेरी शिक्का.

"छान दिसतंय ना?" काकू मागून म्हणाल्या. "काकाच म्हणाले, माझ्या शेजारी लाव."

"छानच," मी म्हणाले आणि चकली उचलली. माझ्या पोटात दुखायला सुरुवात झाली ती तिथे, उभ्या उभ्या.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. आईकडून बघा नाहीतर वडिलांकडून. वडील साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. माझी इंजिनिअरिंगची डिग्री हातात आली तेव्हा ते ती घेऊन तालुक्याला गेले आणि लॅमिनेट करून आले. पुढे व्हिसाच्या वेळी क्लार्क म्हणाला, प्लास्टिकवर शिक्का कसा मारू बाई? दुसरी प्रत काढायला मी विद्यापीठात खेटे घातले, वडिलांना कळू दिलं नाही. त्या डिग्रीचा मला अभिमान आहे आणि तो लपवावा असं मला कधी वाटलेलं नाही. काकूंच्या धाकटीने दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं. कारण विचारलं तर म्हणाली, बोअर झालं. आणि तिची फ्रेम एमबीबीएसच्या शेजारी.

हे फंडेड अकाउंट काय असतं ते मी तिच्याकडूनच शिकले. फर्मला फी भरायची. मग ते खोट्या पैशांवर तुमची परीक्षा घेतात. ठरलेला नफा करून दाखवला आणि तोट्याची मर्यादा ओलांडली नाही, तर पास. मग फर्मच्या पैशांवर ट्रेडिंग करायचं आणि नफ्यातला वाटा घ्यायचा, तोच पेआउट. नियम एकदा मोडला की अकाउंट बंद. तिथे अपील वगैरे काही नसतं.

"मावशी, यू शुड ट्राय," ती म्हणाली. किचनच्या ओट्यावर मांडी घालून बसली होती, पायात दोन वेगळ्या रंगांचे मोजे. "तू इतकी स्मार्ट आहेस."

इतकी स्मार्ट. मी तिच्या दुप्पट वयाची.

ती एकच जोडी ट्रेड करायची. ऑस्ट्रेलियन डॉलर आणि न्यूझीलंड डॉलर. एका ऑस्ट्रेलियन डॉलरला किती न्यूझीलंड डॉलर पडतात, तो भाव. यात अमेरिकेचा डॉलर नाही म्हणून तिला मायनर म्हणतात. दोन शेजारी देश, त्यामुळे भाव एका पट्ट्यातच वर-खाली करत राहतो. धाकटीने स्क्रीनवर दोन आडव्या रेघा मारून दाखवल्या. "वर आलं की सेल. खाली गेलं की बाय. मधे असलं की जिमला जायचं."

"आणि बातम्या?"

"नाह. अँड मावशी, एक गोष्ट. चार वाजता काहीही ओपन ठेवायचं नाही. फोरच्या आधी क्लोज, नाहीतर फोर होऊन गेल्यावर ओपन."

ते मात्र तिने नीट समजावलं. आमच्याकडे टेक्सासात दुपारचे चार वाजतात तेव्हा बाजाराचा दिवस संपून नवा सुरू होतो. तेवढी काही मिनिटं भाव द्यायला फारसं कोणी नसतं. घ्यायचा भाव आणि विकायचा भाव यांत एरवी केसाएवढं अंतर असतं, ते एकदम हातभर होतं. भाव जागचा न हलता स्क्रीनवर तोटा दिसतो. आणि फर्म तो दिसलेला तोटा खरा धरते.

मी फी भरली आणि अभ्यासाला लागले. दोन्ही देशांचे व्याजदर, दूध पावडरीचे लिलाव, लोखंडाच्या खनिजाचे भाव. ऑफिसला ड्राइव्ह करताना न्यूझीलंडच्या मध्यवर्ती बँकेची भाषणं ऐकायचे. अगदी छोट्या मापाने, म्हणजे एका वेळी थोड्याच रकमेने ट्रेड करत, एकेक पायरी चढत पास झाले. धाकटीला न्यूझीलंडमध्ये दूध ही एवढी मोठी भानगड आहे हेच माहीत नव्हतं. तोवर तिचा दुसरा पेआउट झाला होता.

आमच्या दोघींचं एक चॅट होतं. रोज आपापल्या ट्रेडचे फोटो टाकायचे. तिचा फोटो आला की मी आधी माप बघायचे. नेहमी माझ्या कितीतरी पट. मग मी मनात म्हणायचे, हिचं अकाउंट उडणार एक दिवस. उडायचं नाही. वर ती माझ्या फोटोला बदाम पाठवायची. मी अंगठा पाठवायचे.

"तुला नक्की हवंय काय?" नवऱ्याने एकदा विचारलं. "पगार बरा आहे, घर आहे."

"एक पेआउट हवाय."

"पैशांसाठी?"

"तिला जमतं ते मला जमत नाही, असं होऊ शकत नाही."

तो म्हणाला, "ती तुझ्या मुलीच्या वयाची आहे यार." मला माहीत नव्हतं असं थोडंच होतं?

वसंतात माझा पहिला पेआउट अगदी तोंडावर आला. नफा जमला होता. फक्त आठवडाभर नियम मोडायचा नव्हता. त्याच आठवड्यात धाकटी काकूंबरोबर ट्रॉयला गेली, मिशिगनला, थोरल्या बहिणीच्या डोहाळजेवणाला. मी ऑफिसात होते, दुपारचे साडेतीन झाले होते. चॅटवर फोटो आला. तिने भाव पट्ट्याच्या वरच्या टोकाला गाठून विकलं होतं, एक नाही, तीनदा, प्रत्येक वेळी भलं मोठं माप. खाली लिहिलं होतं, "इट्स पास्ट फोर, सो सेफ. गोइंग टु प्ले सिली गेम्स नाऊ."

मी माझ्या घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन. मग लक्षात आलं. ट्रॉयचं घड्याळ आमच्यापुढे एक तास. तिच्या फोनवर साडेचार वाजले होते आणि तिच्या डोक्यात चार म्हणजे चार. पण बाजाराला काय, तो न्यूयॉर्कच्या पाचला दिवस संपवतो. तिच्याकडे ते पाच अजून वाजायचे होते.

मी फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला, मेसेज टाकला, 'तुझे पाच म्हणजे आपले चार, क्लोज कर'. काकूंना केला. त्यांचाही फोन पर्समध्ये असणार, ओटी भरणं चाललं असेल. वर्षभर तिच्याबद्दल माझ्या मनात जे जे येत होतं, त्यातलं कोणाला सांगण्यासारखं एवढंच आहे, की मी फोन केले.

चारला मी स्क्रीन उघडून बसले. माझं स्वतःचं काही उघडं नव्हतं. घ्यायच्या आणि विकायच्या भावातलं अंतर फाटत गेलं. भाव होता तिथेच होता. काही मिनिटांत सगळं पूर्ववत झालं, जणू काही घडलंच नाही. पण तिच्या एवढ्या मापाला तोट्याची मर्यादा ओलांडायला तेवढं पुरे होतं, तिचं अकाउंट गेलं होतं. आणि मला हलकं वाटलं. ते किती वेळ टिकलं सांगता येत नाही. पार्किंगपर्यंत होतं एवढं नक्की.

माझा पेआउट ठरल्या दिवशी आला. त्या रविवारी काकूंनी नाश्त्याला बोलावलं. मी मनात वाक्यं जुळवत गेले, तिचं सांत्वन कसं करायचं, काय बोलायचं नाही. तिने दार उघडलं आणि मला मिठीच मारली.

"मावशी, यू डिड इट. आणि सॉरी, तुझे इतके मिस्ड कॉल्स. मी डोळ्यांवर पट्टी बांधून बाळाला डायपर घालत होते. डॉलला."

"तुझं अकाउंट..."

"गॉन." ती हसायला लागली. "टाइम झोन, मावशी. कॅन यू बिलीव्ह? इतकं स्टुपिड."

"तिला मी लहानपणी घड्याळ शिकवलंय हो," काका पेपरमागून म्हणाले. "फी वाया गेली ती."

"परत भरेल फी, त्यात काय," काकू म्हणाल्या. "पोहे घे गं. तूही घे."

धाकटीने दुसऱ्यांदा पोहे वाढून घेतले, वर लिंबू पिळलं, आणि डायपरची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. मी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होते. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मला एका विषयात एटीकेटी लागली होती. ती सुट्टी मी हॉस्टेलवर काढली. घरी कळवलं की प्रोजेक्ट आहे. मेसमध्ये आमटी घ्यायलाही मान वर करत नव्हते. माझं एक वर्ष म्हणजे धाकट्या भावाची शाळा होती, आणि मागे वडिलांचा वजनकाटा. नापास होणं आमच्यात कोणाला परवडत नव्हतं. इथे ही पोरगी लिंबाच्या बिया काढत बसली होती.

"आता साइज वाढव," ती मला म्हणाली. "वर्स्ट केस काय? उडेल. परत घ्यायचं."

"हो, बघू," मी म्हणाले.

गाडीत नवरा म्हणाला, "आता तरी खूश ना?"

"पुढे बघून चालव."

सोमवारी मी नेहमीच्याच छोट्या मापाने विकलं आणि चारच्या बरंच आधी बंद केलं. तिने त्याच दिवशी नवी परीक्षा सुरू केली होती. फोटो आला. माप पूर्वीपेक्षाही मोठं. खाली दोनच शब्द, "लेट्स सी." मी आयुष्यात कुठल्याच परीक्षेला असं म्हणून बसलेले नाही. तिचा भाव वर चाललाय की खाली, ते बघायचं राहूनच गेलं. कितीतरी वेळ मी त्या दोन शब्दांकडेच बघत होते.