धारोष्ण दूध आणि आबांची पाठ

"ब्रुसेलोसिस," नांदेडच्या डॉक्टरीणबाई रिपोर्ट बघत म्हणाल्या. मग आबांना विचारलं, "घरी शेळ्या आहेत ना? दूध उकळून पिता का?"

माझे वडील, आबा, पाठीवर पडून होते. "उकळल्यावर दुधात राहतं काय, बाई? सड तोंडाला लावून पेतो आमी. लहानपणापासून."

"त्यातूनच आलाय हा आजार," त्या म्हणाल्या.

ब्रुसेलोसिस हा जनावरांपासून माणसाला होणारा जिवाणूंचा आजार. तो कच्च्या दुधातून येतो. शेळी गाभडली, म्हणजे मुदतीआधीच पिल्लू टाकलं, आणि ते उघड्या हातांनी उचललं, तर त्यातूनही येतो. आबांच्या कमरेच्या मणक्यांपर्यंत तो पोचला होता. याला स्पाँडिलायटिस म्हणतात, म्हणजे मणक्यांना आलेली सूज. आबांचे मणके नुसते सुजले नव्हते, झिजलेही होते. चालता येईल का, या माझ्या प्रश्नावर बाई म्हणाल्या, आधी ताप तर उतरू द्या.

आमचं गाव कळमनुरीजवळ. शेळ्यामेंढ्यांवर घर चालतं. आबा पहाटे उठायचे, शेळीखाली बसून दुधाच्या धारा तोंडात घ्यायचे, मग कळपाशेजारी डोळे मिटून बसायचे. दूध उतू गेलं तर शेळीचा पान्हा आटतो, असं आमच्यात मानतात. त्यामुळे चहापुरतं सोडलं तर घरात दूध तापतच नसे.

वारंगा फाट्याला एकदा आरोग्य शिबिर भरलं होतं. धारोष्ण दूध, दीर्घ श्वास आणि मौन, या तीन सवयींनी माणूस निरोगी राहतो, असं तिथे वाटलेल्या पत्रकात छापलं होतं. वक्त्यांनी आबांना मंचावर बोलावून शाल घातली. "या माणसाला आयुष्यात एक गोळी लागलेली नाही," असं त्यांनी माईकवरून सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या मंचावर एकानेही विचारलं नाही की यंदा तुमच्या किती शेळ्या गाभडल्या. त्या हिवाळ्यात एकामागून एक गाभडत होत्या, आणि आबा मेलेली पिल्लं हातांनी उचलून पुरत होते.

ताप सुरू झाला तो संध्याकाळचा. सकाळी अंग गार, दिवस कलला की कणकण. पुढे घामाने गोधडी भिजायची. कमर दुखायची. पण हे सगळं आम्हाला फार उशिरा कळलं. कुरकुर करायची नाही, ही आबांची सर्वात जुनी सवय. माय विचारायची, "काहून असं वाकून चालता?" ते म्हणायचे, "काई न्हाई, जरा आखडली."

माणसाच्या शांतपणाचं आपण फार कौतुक करतो. आबांच्या शांतपणाआड हा आजार महिनोन्महिने मणके खात बसला होता. दीर्घ श्वासाने ताप उतरत नाही, हे कुणीतरी छापायला हवं होतं.

कळमनुरीत टायफॉईड समजून सलाईन लावलं. ताप उतरला, परत आला. मग हिंगोलीला एमआरआय काढला, म्हणजे चुंबकाच्या यंत्रातून मणक्यांचे फोटो. फोटो बघून तिथल्या डॉक्टरांनी टीबी म्हटलं. मणक्याचा टीबी आणि ब्रुसेलोसिस फोटोत सारखे दिसू शकतात, हे मला नंतर समजलं. टीबीच्या गोळ्यांनी आबांची भूक गेली, कमरेचं दुखणं मात्र हटलं नाही. दवाखान्याबाहेरच्या बाकावर आमच्यासारखीच माणसं होती, कुणी मेंढरं सोडून आलेलं, कुणी म्हशी. त्यांच्यापैकी कुणाला घरच्या जनावरांबद्दल विचारलेलं मी ऐकलं नाही.

नांदेडला ब्लड कल्चर केलं, म्हणजे रक्तात जिवाणू वाढतात का ते तपासलं, निदान पक्कं झालं, आणि घरच्या जनावरांचा प्रश्न पहिल्यांदा आला. मग इंजेक्शनं आणि कित्येक आठवडे न चुकता घ्यायच्या गोळ्या. मळमळीने आबांना पाणीही नकोसं व्हायचं. एका दुपारी ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "लई दुखून राहिलंय गं." मी त्यांच्या तोंडून हे आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मला रडू आलं आणि बरंही वाटलं.

ताप गेला. मणके मात्र पूर्ववत झाले नाहीत. "शेळ्यांमागे जाणं आता विसरा," बाईंनी आबांना सांगितलं. आबांनी मान हलवली.

तुमच्या घरी जनावरं असतील तर माझं ऐका. दूध वर येईपर्यंत उकळा. पान्हा आटत नाही, आमच्या शेळ्यांचा आटला नाही. गाभडलेल्या जनावराला हातमोज्यांशिवाय शिवू नका. ताप हटत नसेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा, आमच्याकडे शेळ्या आहेत. आणि दुखतंय म्हणायची सवय लावा. पहाटे डोळे मिटून जरूर बसा, मीही बसते. पण उठल्यावर दूध तापवा.

यंदा डेंग्यूची साथ आली. शेळीच्या कच्च्या दुधाने प्लेटलेट, म्हणजे वाहतं रक्त थांबवणाऱ्या पेशी, वाढतात असं लोक मानतात. नांदेडच्या बाईंनी हे साफ खोटं म्हटलं होतं. तरी हिंगोलीहून एकजण थर्मास घेऊन मोटारसायकलवर आला आणि दारात उभा राहिला. त्याच्या लहान मुलीला डेंग्यू झाला होता.

आबा खाटेवर होते. "उकळून देतो. बस जरा."

"काका, कच्चंच पाहिजे. उकळलेलं तर पिशवीचं बी भेटतं."

"माझ्याकडं बघ. मला कच्च्यानंच बसवलं."

"तुमचं वय झालं, काका."

"वय? तुझा बाप काय पाळण्यात हाय?"

माय हसली. तो माणूस हसला नाही. कुणीतरी त्याला वस्तीच्या टोकाला असलेलं माझ्या चुलत्याचं घर दाखवलं; तिथेही शेळ्या होत्या. त्याने गाडी तिकडे वळवली.

आबांनी पाय खाली सोडले. खाटेपासून दारापर्यंत जायलाही त्यांना दोघांचा आधार लागायचा. ते भिंत धरून उभे राहिले.

"कुठं निघाले?" माय ओरडली.

"लेकराच्या पोटात जाईल ते." मी खांदा द्यायला धावले तर त्यांनी मला ढकललं. "तू पुढं पळ. मी येऊन राहिलो."

मी पोचले तेव्हा थर्मास भरून झाला होता. त्या बापाला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, माझी पोरगी तिकडं मरून राहिली, आणि तुमी मला भाषण देऊन राहिल्या." त्याने गाडीला किक मारली. मी समोर उभी राहिले.

मग कुंपणाला धरत, थांबत थांबत आबा आले. चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी गाडीचं हँडल पकडलं, बहुधा पडू नये म्हणून. मग चुलतीला म्हणाले, "चूल पेटव, माय."

त्या माणसाने आबांच्या थरथरणाऱ्या पायांकडे पाहिलं. गाडी बंद केली आणि थर्मास चुलतीच्या हातात दिला. दूध वर येईपर्यंत तो चुलीपाशीच उभा राहिला.

आबांना खाटेवर घालून घरी आणावं लागलं. नंतर कित्येक दिवस ते कुशीवरही वळू शकले नाहीत. काहून गेलात, असं मी त्यांना एकदाही विचारलं नाही.