रंगाऱ्याने निवडलेला खेळ

आमच्या शेजारच्या खोलीत एक रंगारी राहतो. ब्रश हातातून सुटून बरीच वर्षं झाली, बायकोही गेली, तरी सगळे त्याला रंगारीच म्हणतात. मुलगी आणि नात दूरच्या शहरात. रविवारी फोन यायचा. "जेवलीस का?" "हो." "अभ्यास केलास?" "हो." की नात पळाली.

एकदा मुलगी म्हणाली, "बाबा, हिच्यासाठी टॅबवर डोक्याला चालना देणारं काहीतरी घ्यायचंय. ढीगभर प्रकार आहेत. मला वेळ नाही, तुम्ही बघता?"

रंगारी हुरळूनच गेला. भिंतीवर हातभर पट्टा मारून, तो वाळल्यावर उन्हात आणि दिव्याखाली पाहिल्याशिवाय त्याने कधी रंग ठरवला नव्हता. तसाच तो मुलीने दिलेल्या जुन्या टॅबवर एकेक खेळ स्वतः खेळून पाहू लागला. भिंतीपलीकडून मला टुणटुण आवाज यायचे.

"हा नको. चुकलं तरी टाळ्या वाजवतो, लबाड," तो मला सांगायचा. "आणि हा मधेच दुकान मांडून बसतो."

शेवटी एक पसंत पडला. झाकलेल्या चित्रांच्या जोड्या लक्षात ठेवून उघडायच्या. "चुकलं तर ओरडत नाही. शिवाय दोघांत खेळता येतो. ती तिथून, मी इथून." हे शेवटचं तो अगदी हळू बोलला. तो काय शोधत होता ते मला तेव्हा उमगलं.

खेळताना एकमेकांचा फक्त आवाज ऐकू येतो. पहिल्याच रविवारी नात वैतागली.

"आजोबा, झोपलात का?"

"थांब गं बाई, आठवू तर दे!"

"तुम्हाला काहीच आठवत नाही!" आणि डाव अर्धाच टाकून गेली.

पुढच्या रविवारी डाव चालू असताना गॅसवाला आला. रंगारी सिलिंडर आत घेऊन परतला, तर टॅबमधून नात ओरडत होती, "आजोबा, कसले भारी खेळलात! मला हरवलंत की!" एखाद्याने बराच वेळ हातच लावला नाही की पुढचा डाव त्याच्या वतीने मशीनच भराभर खेळतं, हे त्याला तेव्हा कळलं.

"मग सांगितलंत तिला?" मी विचारलं.

"नाही."

"का हो?"

"किती वेळ बसली होती माझ्याजवळ," तो म्हणाला.

आता रविवारी कधीकधी मीही जाऊन बसतो. रंगारी हात मांडीवर ठेवून पाहत असतो. चित्रं आपोआप उलटतात. "आज तुमची खैर नाही, आजोबा!" "बघू, बघू," हा हसून म्हणतो.

परवा मात्र एक जोडी त्याला खरोखरच आठवली. त्याचे डोळे चमकले, बोट पुढे गेलं. बोट पोचायच्या आत मशीनने तेच चित्र उघडलं.

"वा, आजोबा!"

"जमलं बघ," तो म्हणाला, आणि हात परत मांडीवर ठेवला.