बाबा गोड बोलले

आमचे बाबा डिलाईल रोडच्या चाळीत कुणाला साधा चहासुद्धा शिवी दिल्याशिवाय विचारत नाहीत. ज्याला ते 'मेल्या' म्हणत नाहीत, त्याने समजावं की आपलं काहीतरी बिनसलंय. घरी, दारी, बाजारात त्यांची मालवणीच चालते. शुद्ध मराठी ते फक्त परक्यांशी आणि पोलिसांशी बोलतात.

तर अशा या माणसाच्या आतड्यात गाठ निघाली. परळच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. तेवढा भाग काढून दोन टोकं जोडली. डॉक्टरीणबाईंनी आई आणि मला समोर बसवून सांगितलं, "जोड सुटून आत गळती लागली, तर जिवावर बेतू शकतं. लवकर कळलं तर आमच्या हातात बरंच असतं. ताप, दुखणं, पोट फुगणं, किंवा नेहमीपेक्षा वेगळं काहीही दिसलं तर लगेच सांगा."

शुद्धीवर आल्यापासून बाबांनी वॉर्ड डोक्यावर घेतला. पहिला चहा मिळाला तेव्हा ते ओरडले, "ही चाय हा काय भांडी धुतलेलां पाणी?" आम्ही निर्धास्त झालो.

मग एके सकाळी मी खाटेजवळ गेलो, तर ते म्हणाले, "ये बाळ, बस. दमला असशील."

मी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. माझ्या पन्नाशीपर्यंत त्यांनी मला बाळ म्हटलं नव्हतं. मी इतका खूश झालो की मोबाइल काढून त्यांना पुन्हा म्हणायला लावलं आणि ते बहिणीला पाठवलं. तिचं उत्तर आलं, 'हे कोण?'

सिस्टरने पाणी दिलं, तर "आभारी आहे." ती तर हरखूनच गेली. "काका आज किती शहाण्यासारखे वागतायत!"

तेवढ्यात आई माझा डबा घेऊन आली. बाबा तिला म्हणाले, "तू माझ्यासाठी फार केलंस."

आईने डबा खाली ठेवला. तिचा चेहराच उतरला. "ह्येंका कायतरी झालां हा. डॉक्टरांका बोलव."

"अगं पण सांगू काय?"

"गोड बोलतत म्हणान सांग!"

मी गेलो आणि तसंच सांगितलं. "मला बाळ म्हणाले," असा पुरावाही जोडला. बाजूचा एक शिकाऊ डॉक्टर फिस्सकन हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत, तडक उठून आल्या. ताप नव्हता. त्यांनी नाडी धरली आणि बराच वेळ सोडली नाही. मग विचारलं, "काका, कुठे आहात तुम्ही?"

"आपल्याच घरी," बाबा अदबीने म्हणाले. "बसा ना, चहा घ्या."

माझी लाज जागच्या जागी विरली. स्कॅन झाला, आणि जोड गळतच होता. बाबांना पुन्हा ऑपरेशनला नेलं. जाताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आतल्या संसर्गाने त्यांना भ्रम झालाय. बरं झालं, लगेच सांगितलंत."

बाहेर बाकड्यावर आई पदराचं टोक पिळत बसली होती. "जाताना गोड बोलतत काय रे माणसां?" तिने विचारलं. ते 'बाळ' शेवटचं ठरलं तर? सकाळी मोबाइलमध्ये भरून घेतलेलं ते लाडाचं बोलणं मला आता नकोसं झालं होतं.

ऑपरेशन पार पडलं, तरी पुढचे काही दिवस बाबा आयसीयूत नुसते पडून होते. दाढी करायचंही मला भान नव्हतं. एकदा आम्ही दोघं आत उभे असताना त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे नीट पाहिलं आणि पुटपुटले, "मेल्या, मढ्याक इलंस काय? ती दाढी काढ आधी."

मी तिथेच ढसाढसा रडलो. आई मात्र केव्हाच दाराबाहेर पळाली होती आणि आयसीयूच्या शांततेची पर्वा न करता डॉक्टरीणबाईंना हाका मारत होती, "अहो बाई, शिवी दिल्यानी! शिवी दिल्यानी!"