मानवेलच्या नावाखालचा पक्षी

मानवेल तुस्कानोचा दिवस पहाटे तीनला सुरू होतो. क्लेटनच्या घरातून निघून तो डँडेनाँगच्या कोल्ड स्टोरेजमध्ये जातो आणि उणे वीस अंशांत फोर्कलिफ्ट चालवतो. गोठवलेलं मटण, वाटाणे, आइस्क्रीम रॅकवर चढवायचं, उतरवायचं. मीही तिथेच होतो, गुडघे गेले तेव्हा सुटलो. त्या थंडीत आठवडाभर राबून सुट्टीच्या दिवशी आपणहून बर्फात जाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

हिवाळ्यात तो लेक माउंटन या डोंगरावर जातो. गाडी खाली लावून वर चालत. एखादं स्नो गमचं, म्हणजे डोंगरावरच्या निलगिरीचं, झाड धरतो आणि त्याच्यासमोर बर्फात बसून राहतो. कॅमेऱ्याची जादा बॅटरी बनियनच्या आत, कारण गारठ्यात ती मरते. परत आला की कॅमेरा आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधतो, मगच गाडीचा हीटर लावतो. नाहीतर कॅमेऱ्यावर दव धरतं. घाई असलेल्या माणसाने या कामात पडू नये.

तीन हिवाळे त्याला एकच पक्षी हवा होता. गँग-गँग काकाकुवाचा नर. अंग पाटीसारखं राखाडी, डोकं लालभडक, वर विस्कटलेला तुरा. आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा. थंडीत हे बहुतेक खाली, लोकांच्या बागांत उतरतात. गेल्या ऑगस्टात, म्हणजे इथल्या भर हिवाळ्यात, एक वरच राहिला होता. बर्फ पडत होता आणि तो पायात गमचं बोंड धरून फोडत बसला होता. तुऱ्यावर बर्फाचे कण. मानवेलने हातमोज्याचं एक बोट कापून ठेवलंय, त्या बोटाने बटण दाबलं. ते बोट पुढे दोन दिवस बधिर होतं.

मग संगणकावरचं काम. कॅमेऱ्याला पांढरा बर्फ कळत नाही, तो त्याचा राखाडी करतो. मानवेलने पांढरा हळूहळू वर आणला आणि बर्फाचा कण दिसायचा थांबण्याआधी हात आवरला. निळी झाक काढली, पण सावलीतली ठेवली, कारण सावली निळीच होती. शेपटीवरून एक काटकी आडवी गेली होती. बायको आयरीन म्हणाली, ती तेवढी पुसून टाक, चित्र स्वच्छ दिसेल.

तो म्हणाला, "ती तिथे होती."

आमच्या इथल्या वसईकरांचं मंडळ दरवर्षी नाताळचं कार्ड काढतं. डिसेंबरात इथे अंगाची लाही होते, लोक मागच्या अंगणात कोळंबी भाजतात, पण कार्डावर बर्फ पाहिजे. वसईतही आम्ही नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्यावर कापूस पसरायचो. बर्फ बघितलेला कोणी नव्हता. ती सवय समुद्र ओलांडून आली.

यंदा कार्डाचं काम ग्लेनकडे होतं. आयटीतला मुलगा, मंडळाचा सेक्रेटरी. त्याने फोटो मागितला, मानवेलने फुकट दिला. खाली नाव टाक, एवढंच म्हणाला.

कार्ड छापून घरोघर गेलं तेव्हा फांदी तीच होती, बर्फ तोच होता. काकाकुवा नव्हता. त्याच्या जागी लाल छातीचा गुबगुबीत इंग्लिश रॉबिन बसवला होता, विलायती कार्डांवर असतो तसा. हा पक्षी या देशात रानात सापडत नाही. काटकीही गेली होती. कोपऱ्यात सोनेरी अक्षरांत: छायाचित्र, मानवेल तुस्कानो.

चर्चमधल्या मिस्सेनंतर लोक त्याचा हात हातात घेऊन सांगू लागले की रॉबिन काय झकास पकडलाय. एका बाईने तर डोळ्यातली चमकही वाखाणली. मानवेल गाडीत जाऊन बसला. निंदा सोसता येते. न केलेल्या कामाची शाबासकी सोसायची कशी?

पुढचा घाव पक्षीनिरीक्षकांच्या क्लबात बसला. तिथे त्याचा खरा फोटो प्रदर्शनात लागला होता. नियम एकच, चित्रात काही घालायचं नाही, काही काढायचं नाही. प्रदर्शनाचं काम बघणाऱ्या शेरिलबाईंच्या हाती शेजारणीकडून कार्ड पडलं. दोन्हीकडे फांदी एकच. बाईंनी सौम्यपणे फोन करून विचारलं की यातलं खोटं कुठलं, आणि खुलासा होईपर्यंत फोटो उतरवला. मानवेलने कॅमेऱ्यातली मूळ फाइल नेऊन दाखवली. बाईंनी माफी मागून फोटो पुन्हा लावला. पण चारचौघांसमोर त्याला आपलं खरेपण सिद्ध करावं लागलं. वर्षानुवर्षं बर्फात बसलेल्या माणसाला.

रविवारी चर्चच्या हॉलमध्ये त्याने ग्लेनला गाठलं. बाजूला मंडळाच्या अध्यक्षा ग्लोरिया चहा ओतत होत्या.

ग्लेन हसत म्हणाला, "अंकल, काकाकुवा नाताळचा वाटत नाही ना. लोकांना रॉबिन आवडतो. दोन मिनिटांचं काम होतं, मी केलं."

"दोन मिनिटांचं होतं, ते दिसतंच आहे."

"अहो, पक्षीच आहे शेवटी. एवढं काय मनावर घेता? चिल."

"तुझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याचे फोटो मीच काढले," मानवेल म्हणाला. आवाज चढवला नव्हता. "त्यात तिच्या तोंडावर दुसरं गोंडस बाळ चिकटवतो आणि खाली तुझं नाव लिहितो. बाळच आहे शेवटी."

ग्लेनचं हसू गेलं. ग्लोरियाची किटली हवेतच राहिली.

मग ग्लोरियाबाईंनी तडजोड काढली. व्हॉट्सअॅप ग्रुपवर दुरुस्ती टाकू. नवी कार्डं छापायला मंडळाकडे काही शिल्लक नाही, आणि सणाच्या तोंडावर वाद नको. ग्लेनने सॉरी म्हटलं, फोनकडे बघत. मानवेलने विचारलं, व्हॉट्सअॅपवरची ओळ फ्रिजवरच्या कार्डाला जाऊन चिकटणार आहे का? त्याने ग्लेनकडून सगळ्या घरांचे पत्ते मागून घेतले.

मला ग्लेनचा राग आहे, पण ग्लोरियाचा जास्त. सणाच्या तोंडावर वाद नको म्हणणारी माणसं नेहमी ज्याचं नुकसान झालं त्यालाच गप्प बसवतात.

डिसेंबरात कोल्ड स्टोरेजला उसंत नसते. हॅम आणि कोळंबीच्या लाद्या रात्रंदिवस हलतात. मानवेलने मिळेल ती जादा शिफ्ट घेतली. आयरीन चिडली होती. लोकांच्या चुकीपायी आपण का मरायचं, असं तिने एकदा विचारलं आणि नंतर बोलणंच टाकलं. पण पाकिटांवर पत्ते तिनेच लिहिले.

नव्या कार्डावर काकाकुवा होता, पायात बोंड, शेपटीवर काटकी. ज्या ज्या घरात रॉबिन गेला होता त्या प्रत्येक घरात ते पोचलं, ग्लेनच्याही. मानवेलचा त्या महिन्याचा सगळा ओव्हरटाइम छपाईला आणि टपालाच्या तिकिटांना गेला.