पिवळं पातळ

हिंगोली जिल्हा वेगळा व्हायच्या आधीची, आमचं गाव परभणीत मोजलं जायचं तेव्हाची ही गोष्ट. आखाडा बाळापूरच्या अलीकडे आमचं शेत, शेतातच घर, आणि विहिरीला लागून मिरचीचा एक तुकडा. तो तुकडा माझ्या वहिनीचा. सातबारा वडिलांचा होता, पण रोप तिनं लावलेलं, खुरपण तिचं, तोडा तिचा. नवी सून, घरात तिला कुणी विचारत नव्हतं. मिरचीत मात्र आज कुठल्या ओळीला पाणी द्यायचं हे ती सांगायची आणि माझा भाऊ गुमान ऐकायचा. तिच्याकडे आपलं म्हणावं असं तेवढंच होतं.

आमच्याकडे पाळीतल्या बाईनं मिरचीत पाय ठेवायचा नाही. तिच्या विटाळानं मिरचीवर बोकड्या पडतो, म्हणजे पानं वळतात, आखडतात आणि झाड खुरटून बसतं, अशी समजूत. त्या दिवसांत बांधावरून जायचं. मीसुद्धा बांधावरूनच जायचे, मनातल्या मनात शिव्या देत.

त्या श्रावणात वहिनी बाहेर बसलेली होती. घरी दुसरं कुणी नव्हतं आणि गाय दावं तोडून मिरचीत शिरली. वहिनीनं काय करायला हवं होतं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. ती धावली आणि गाय हाकलली. आम्ही गवताचे भारे घेऊन परत येत होतो, तेव्हा ती मिरचीतून बाहेर पडत होती. त्या दिवसांत ती लग्नातलं हळदीचं पातळ नेसायची, धुवून धुवून विरलेलं, पण पिवळंच. त्या पातळावर बारीक पांढऱ्या माशा बसल्या होत्या, कोंडा उडून चिकटावा तशा.

"बघा, पीडा हिच्याच अंगावर बसून राहिली," आई म्हणाली.

"मामा, गाय शिरली व्हती," वहिनी वडिलांना म्हणाली.

"गायीनं चार झाडं खाल्ली असती. तू समदा तुकडा खाल्लास."

दोन-तीन झाडं त्याआधीच आखडली होती. वहिनीनं ते वडिलांना सांगितलंही होतं, पण ते कुणाला आठवेना. पुढं सगळा तुकडा बोकडला. गोमूत्र शिंपडलं, लिंबं उतरवून टाकली. जगाची दृष्ट ज्या मिरचीनं काढायची, तिचीच दृष्ट काढत बसले. आजारी झाड मात्र एकानंही उपटलं नाही, कारण फळतं झाड उपटू नये. वहिनीला मिरची कायमची बंद झाली, पाळी असो वा नसो. गावाचं तर काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. मिरचीच्या तोड्याला बाया बोलावताना तिला वगळायला लागले. ज्या हातानं लावलेलं रोप कधी मेलं नव्हतं, तो हात अपशकुनी ठरला. मला तेव्हाही चीड यायची, आता जास्त येते.

माझं लग्न झालं, जिल्हा नवा झाला, त्यालाही काही वर्षं लोटली. पंचमीला माहेरी आले होते, तेव्हा कृषी खात्याचा एक माणूस आमच्या शेतात आला. भावानं पुन्हा मिरची लावली होती. त्या माणसानं सांगितलं की बोकड्या हा विषाणूचा रोग आहे. पांढरी माशी आजारी झाडाचा रस पिते, मग चांगल्या झाडावर बसते आणि रोग तिथं नेते. रोग लागलेल्या झाडाला औषध नाही, ते उपटायचं. मग त्यानं विचारलं, "मागच्या सालची जुनी झाडं ठेवलीत का कुठं?"

सगळ्यांनी विहिरीकडे पाहिलं. घरच्या खाण्यापुरती म्हणून वडील दरसाल जुन्या मिरचीची काही झाडं तिथं राखायचे. नव्या रोपाला रोग तिथूनच लागत होता. वडील उठले आणि ती झाडं मुळासकट उपटून बांधाबाहेर जाळून आले.

तोवर त्या माणसानं तेलाच्या डब्याचा पत्रा कापून त्याला पिवळा रंग दिला होता. रंग सुकल्यावर वरून एरंडेल चोपडलं आणि पत्रा काठीला बांधून मिरचीत रोवला. "ह्या माशीला पिवळं दिसलं की राहवत नाही," तो म्हणाला. चहा होईपर्यंत पत्रा माशांनी भरला. वहिनी बांधावर उभी राहून बघत होती. तिची नजर पत्र्यावरून हलेना.

मला राहवलं नाही. मी वडिलांना विचारलं, "दादा, मग वहिनीच्या पातळावर काय बसलं होतं?"

"ते येगळं," वडील म्हणाले.

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आणि चोर सापडल्यावरही दोर सैल केला नाही. माशीवर त्यांचा विश्वास बसला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी आणखी पत्रे रंगवले आणि ओळी-ओळीत स्वतः रोवले.

संध्याकाळी वहिनी डोक्यावर गवताचा भारा घेऊन निघाली, तेव्हा मी तिचा हात धरला आणि म्हणाले, "चल, आपण दोघी मधून जाऊ. बघू कोण काय म्हणतं."

तिनं हात सोडवून घेतला. "राहू द्या, वन्सं. पत्र्याला इटाळ नसतोय. त्याला चालतंय मिरचीत."

डोक्यावरचं गवत सावरलं आणि ती बांधावरून घराकडे गेली.