फ्रेंच शाहिराचा हेवा

माझा नवरा देवानंद एका मेलेल्या माणसावर जळतो. तो माणूस फ्रेंच होता, गाणी रचायचा, आणि त्याला जाऊन दीडशेच्या वर वर्षं झाली. पण देवानंदचा जळफळाट ताजाच आहे.

हे सुरू झालं लायब्ररीतल्या जुन्या पुस्तकांच्या सेलमध्ये. देवानंद इथे अमेरिकेत, अ‍ॅशबर्नला डेटा सेंटरमध्ये काम करतो. कवितेशी त्याचा संबंध एवढाच, की त्याचे वडील नागपुरात शाहीर आहेत. त्या दिवशी त्याच्या हाताला सोनेरी कडांचं एक जाडजूड पुस्तक लागलं. गाणी फ्रेंच, पण प्रत्येक गाण्याला एक चित्र आणि चित्र जपायला वर पातळ कागद. इंग्रजी प्रस्तावनेत लिहिलं होतं, की हा गरिबांची गाणी लोकांच्या ओठांवरच्या चालींत बांधायचा आणि त्यापायी तुरुंगातही गेला होता.

"म्हणजे सेम बाबांसारखंच ना," मी सहज म्हणाले. गप्प बसायला हवं होतं.

कारण बाबांची गाणी छापली जातात ती दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला विकायच्या पुस्तिकेत. पिवळट कागद, दोन पिना, वर बाबांचा असा फोटो की तो कुणाचाही वाटावा. लॉकअप त्यांनीही पाहिलंय. पण त्यांच्या एकाही ओळीचं चित्र काढायला कुणी पेन्सिल हातात घेतली नाही.

"बाबांचं पुस्तक यापेक्षा भारी काढणार," देवानंद म्हणाला. त्यासाठी आधी नमुने बघायला हवेत म्हणून त्याने दुसरी आवृत्ती मागवली. मग रंगीत चित्रांची. मग नुसत्या चित्रांचीच एक. फ्रेंचचं तर त्याला एक अक्षर कळत नाही. प्रत्येक पार्सल उघडलं की तोंड वाकडं. "बघ यार, साधं दारूचं गाणं, त्यालाही पानभर चित्र." त्या परक्या म्हाताऱ्याचे लाड बघून मलाही वाईट वाटायचं, पण नवऱ्याचा राग त्याहून जास्त यायचा. बाबांच्या गाण्यांची फाइल लॅपटॉपवर तशीच पडून होती.

या उन्हाळ्यात बाबा आले. देवानंदने सगळी पुस्तकं डायनिंग टेबलवर मांडली. "तुमचंही असंच करू," असं म्हणायचं आणि त्यांचा चेहरा खुललेला बघायचा, एवढ्यासाठी तो महिनाभर उतावीळ झाला होता.

बाबांनी चष्मा लावला. अख्खी दुपार एकेक पान उलटलं. पातळ कागद बोटाने उचलायचे, चित्र बघायचे, कागद परत नीट ठेवायचे. एका चित्रात तो शाहीर म्हातारा होऊन खिडकीशी बसला होता. तिथे ते बराच वेळ थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर जे उतरलं ते मी लगेच ओळखलं. त्यांच्या मुलाच्या चेहऱ्यावर मी ते कितीदा पाहिलंय.

"याले पोरगं होतं का रे?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा," देवानंद म्हणाला. "त्याने लग्नच केलं नव्हतं."

बाबांनी पुस्तक मिटलं. "तरी एवढं झालं याचं."