कॅम्पातलं झुंबर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर शेवटपर्यंत नाही. आज तुम्हाला सांगतेय – का, ते मलाही नीट कळत नाही.

कसबा पेठेत आमचं जुनी झुंबरं दुरुस्त करायचं दुकान आहे. दादाचं आणि माझं. दादाचा जीव विलायती कट-ग्लासवर. एखादा लोलक उजेडात धरायचा आणि म्हणायचा, "ज्यानं हा घासला ना, त्याला घरी जायची घाई नव्हती बघ." कधीच्या काळी गेलेल्या त्या इंग्रज कारागिरांबद्दल तो शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखा बोलायचा. मला हसू यायचं.

कॅम्पातल्या एका बंगल्यात तसलंच एक मोठं झुंबर उतरवायचं होतं. दादानं दोर कप्पीवरून घेतला, खिडकीच्या गजाला बांधला, झुंबराचं सगळं वजन दोरावर आणलं आणि खाली गाद्या सरकवायला गेला. जाताना म्हणाला, "गाठीला हात लावू नकोस. मी आलोच."

मी लावला. दोर तिरका बसलाय असं मला वाटलं – की मलाही येतं, हे दाखवायचं होतं? गाठ सोडली. पुन्हा आवळायला गेले, तर दोर हातातून सरसर निघूनच गेला.

दादा बाजूला होऊ शकला असता. नाही झाला. त्यानं दोन्ही हात वर केले – पडणारं मूल झेलावं तसे.

तो आवाज अजून येतो. भांडी विसळताना येतो. बांगड्यांच्या दुकानावरून जाताना मी रस्ता ओलांडते.

उजव्या हाताच्या नसा तुटल्या. ती बोटं पुन्हा मिटली नाहीत. ऑपरेशननंतर शुद्धीवर आला तेव्हा पहिलं बोलला ते हे – "गाठ माझीच कच्ची राहिली गं." मी तोंड उघडलं होतं. खरंच, उघडलं होतं. मग मिटलं.

दुकान आता मी एकटी बघते. दादा घरी असतो. शर्टाची बटणं वहिनी लावून देते.

गेल्या भाऊबीजेला ओवाळून झालं, तरी तो पाटावरून उठेना. म्हणाला, "तू खाली असतीस तर? त्या विचारानं झोप लागत नाही मला. माफ कर."

वहिनी दारात उभी होती. तिचे डोळे भरले होते.

मी म्हणाले, "केलं, दादा."